वृत्तपत्र आम्हालाही स्वतः वाचू द्या

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन येतो, ४ जानेवारीला लुई ब्रेल यांची जयंती येते, आणि त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत दृष्टिहीनांविषयी हमखास मजकूर असतो. कोणा विद्यार्थ्याने परीक्षेत यश मिळवलेले असते, कोणत्या तरी मंडळाने काठ्या वाटलेल्या असतात, क्वचित एखादा जाणता बातमीदार शाळेत जाऊन, मुलांशी निवांत बोलून काही वेगळे लिहितो. हा मजकूर छापू नये असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्याविषयी तो छापला जातो त्यांना तो स्वतः वाचता येत नाही, घरातील कोणाला तरी सवड होईल तेव्हा वाचून दाखवावा लागतो, ही माझी तक्रार आहे. पंचवीस वर्षांपूर्वी याला फारसा इलाज नव्हता. आज आहे, आणि तो बहुतांशी संपादकांच्या आणि वृत्तपत्राच्या तांत्रिक विभागाच्या हातात आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. निवासी शाळेत शिकलो, बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. राज्यभरातील दृष्टिहीन माणसे एकमेकांना किती ओळखतात, याची डोळस वाचकांना बहुधा कल्पना नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास नोंदवली गेली. ही सगळी माणसे अर्थातच एकमेकांच्या संपर्कात नाहीत. पुष्कळांची दृष्टी उतारवयात गेलेली असते आणि आमच्या वर्तुळाशी त्यांचा कधी संबंधही येत नाही. जे अंधशाळांत शिकले त्यांची गोष्ट वेगळी आहे. आज दादरला असलेली कमला मेहता शाळा १९०० मध्ये सुरू झाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मध्ये, पुण्याच्या कोरेगाव पार्कातील शाळा १९३४ मध्ये. अशा शाळांत पाच-सहा जिल्ह्यांतील मुले लहानपणीच एका छताखाली येतात, दहा-बारा वर्षे एकत्र जेवतात, भांडतात, पेटी-तबला शिकतात, आणि मग कोणी नांदेडला बँकेत, कोणी रत्नागिरीला संगीतशिक्षक म्हणून, कोणी मुंबईत रेल्वेच्या नोकरीत असे पांगतात. चेहरा कोणाच्याच लक्षात नसतो. आवाज मात्र तीस वर्षांनीही पहिल्या ‘हॅलो’ला ओळखू येतो.

या माणसांना बांधून ठेवते ती बातमी. वसतिगृहात असताना संध्याकाळच्या जेवणाआधी एक अल्पदृष्टी असलेला मुलगा अंक अक्षरशः नाकाला टेकवून वाचायचा आणि आम्ही भोवती बसून ऐकायचो. अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना आमच्या शाळेत जो मान होता तो बव्हंशी या वाचनामुळे होता, आणि अर्थात कोणती बातमी वाचायची आणि कोणती गाळायची याची सत्ताही त्यांच्याकडेच होती. क्रिकेट सगळे वाचले जाई, अग्रलेख कधीच नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या हा त्या काळातील एकच बातमीस्रोत असा होता, की जो आमच्यापर्यंत कोणाच्याही मध्यस्थीशिवाय आणि डोळस माणसाइतक्याच वेळेत पोहोचत असे.

आज त्या वाचनाची जागा मोबाइलवरील ग्रुपने घेतली आहे. माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप आहेत, बँक कर्मचाऱ्यांचे आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे आहेत, बुद्धिबळ खेळणाऱ्यांचे आहेत. तिथे चालणाऱ्या बातम्या कोणत्याही वृत्तपत्राला अभिमान वाटावा इतक्या नेमक्या असतात. मुंबईच्या लोकलचा दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर एक बीप वाजत असते. ती कोणत्या स्थानकात बंद पडली आहे हे रोज सकाळी कोणी ना कोणी कळवतो. एखाद्या अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत बटणांची नावे गायब झाली आणि पैसे पाठवण्याच्या जागी नुसते ‘बटण, बटण’ असे ऐकू येऊ लागले, तर तासाभरात ‘अपडेट करू नका’ असा इशारा राज्यभर फिरतो. दृष्टिहीन खातेदाराला धनादेश पुस्तिका, एटीएम किंवा लॉकर नाकारता येणार नाही, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे. तरीही एखाद्या शाखेत नकार मिळाला की त्या परिपत्रकाची प्रत पाच मिनिटांत संबंधिताच्या फोनवर येते. परीक्षेला लेखनिक कोण देईल, कोणत्या केंद्रावर जादा वेळ देण्यावरून वाद झाला, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचे गाणे कुठे आहे, हे सगळे तिथेच कळते.

या ग्रुपना स्वतःची शिस्तही आहे. ध्वनिसंदेश पाठवताना पहिल्या वाक्यात विषय सांगायचा, कारण लिखित मजकुरावरून नजर फिरवावी तसे आवाजावरून कान फिरवता येत नाहीत. लांबलचक संदेश वेग वाढवला तरी पूर्ण ऐकावाच लागतो. मजकुराचा फोटो टाकायचा नाही. डोळस नातेवाईक आणि संस्थांचे हितचिंतक हा नियम सर्वाधिक मोडतात. शाळेच्या स्नेहमेळाव्याचे सुरेख रंगीत निमंत्रण येते, आणि फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, त्याचे वाचन एका शब्दात उरकतो: ‘इमेज’.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या देवाणघेवाणीत वृत्तपत्रातील बातमी हीच एक गोष्ट अशी आहे की जी आमच्यापर्यंत थेट येत नाही. ग्रुपमध्ये तीन-चार जण असे असतात की ज्यांच्या घरी अंक वाचून दाखवणारे कोणी आहे. ते ऐकतात आणि मग आठवेल तसे सांगतात. म्हणजे वसतिगृहातील व्यवस्था आजही चालू आहे. फक्त वाचणारा मुलगा आता एकाच खोलीत बसलेला नाही.

याला ब्रेल हे उत्तर नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण प्रत्येक डोळस माणसाचा पहिला प्रश्न ‘ब्रेलमध्ये वृत्तपत्र नाही का?’ हाच असतो. आहे. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी आयुष्यात प्रथमच ताजा मजकूर स्वतःच्या बोटांनी वाचला. टपालाने आलेला अंक एकाने वाचून दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे द्यायचा, असा त्याचा प्रवास होई, आणि ठिपके दबून पुसट होईपर्यंत तो संपत नसे. त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. शुद्धलेखन, कविता, गणित, संगीताचे बोल या गोष्टींना ब्रेलला पर्याय नाही, आणि केवळ ऐकून शिकलेल्या मुलांचे लेखन किती ढिसाळ होते हे आमचे शिक्षक जाणतात. पण ब्रेलचा कागद जाड लागतो आणि छापील एका साध्या पानाचा मजकूर ब्रेलची तीन-चार पाने खातो. रोजच्या वृत्तपत्राचा एक अंक ब्रेलमध्ये काढला तर त्याचे बाड होईल, आणि ते टपालाने पोहोचेपर्यंत त्यातील बातमी शिळी झालेली असेल. पंधरवड्याचे नियतकालिक आणि रोजचे वृत्तपत्र यांची कामेच वेगळी आहेत.

रोजच्या वृत्तपत्रासाठी उत्तर आमच्या खिशातच आहे. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असते, संगणकावर एनव्हीडीए नावाचे स्क्रीन रीडर, म्हणजे तसेच वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, विनामूल्य मिळते, आणि दोन्ही मराठी वाचतात. सरावलेला दृष्टिहीन माणूस इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्या डोळस व्यक्तीला ती भाषा मराठी आहे हेही कळत नाही. यंत्राला समोर हवा असतो तो युनिकोडमधील मजकूर, म्हणजे प्रत्येक अक्षर संगणकाला अक्षर म्हणून ओळखता येईल अशा प्रमाण संकेतातील मजकूर. आणि नेमका तोच बहुतेक ई-पेपरमध्ये नसतो. ई-पेपरचे पान म्हणजे छापील पानाचे चित्र असते. आम्ही वर्गणी भरतो, पासवर्ड टाकतो, चित्रातील वाकडी अक्षरे ओळखा असे सांगणारी पायरी कोणाच्या तरी मदतीने ओलांडतो, आणि आत गेल्यावर पान मुके असते. काही ठिकाणी पान पीडीएफमध्ये असते, पण ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले असते. डोळ्यांना ती अक्षरे देवनागरी दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते, आणि स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो.

चित्रातून अक्षरे ओळखणारी अ‍ॅप्स आहेत, आम्ही ती वापरतो, आणि गेल्या काही वर्षांत ती पुष्कळ सुधारली आहेत. पुस्तकाच्या पानावर ती उत्तम चालतात. वृत्तपत्राच्या आठ स्तंभांपुढे मात्र त्यांची तारांबळ उडते. ती सरळ आडवी वाचत जातात, त्यामुळे कांद्याच्या लिलावातून एकदम मंत्र्यांचा शपथविधी सुरू होतो आणि शपथ संपण्याआधी साडीच्या महोत्सवात सवलत जाहीर होते. आमच्या ग्रुपवर अशी वाक्ये गोळा करण्याचा एक छंदच आहे.

आपले तांत्रिक सहकारी म्हणतील की वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर तर बातम्या मजकुराच्या रूपात असतातच. असतात, आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. मध्येच उघडणाऱ्या जाहिराती बंद करण्याच्या फुलीला नाव नसते, आलेख आणि कोष्टके चित्रात असतात, हे सगळे आम्ही निभावून नेतो. पण संकेतस्थळावर दिल्ली-मुंबईचे राजकारण, चित्रपट आणि क्रिकेट असते. तालुक्याच्या पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक, जिल्हा परिषदेची सूचना, गावातील व्याख्यान आणि शोकवार्ता यांतील फार थोडे तिथे येते. ते छापील जिल्हा आवृत्तीत आणि तिच्या चित्ररूप ई-पेपरमध्येच राहते. दिल्लीची बातमी आम्हाला रेडिओवरून, दूरचित्रवाणीवरून दहा वेळा ऐकू येते. आमच्या गल्लीची बातमीच नेमकी आम्हाला मिळत नाही.

दोन प्रसंगांनी हे अधिक स्पष्ट होईल. आम्हाला ब्रेल पाटीवर पहिली अक्षरे शिकवणारे एक गुरुजी वारले. त्यांच्या कुटुंबीयांनी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत छायाचित्रासह निधनवार्ता दिली, आणि विद्यार्थ्यांना कळावे म्हणून तिचे कात्रणही फोटो काढून पाठवले. त्या कुटुंबाने आपल्या परीने सर्व काही केले होते. कात्रण अनेकांच्या फोनवर पोहोचले, ‘इमेज’ म्हणून ऐकले गेले आणि पुढे सरकवले गेले. त्यात काय आहे ते कळले तेव्हा दहावाही उलटून गेला होता. गुरुजींच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी कोल्हापूरपासून जळगावपर्यंत आहेत, आणि दिवसाला किमान पाच जण तरी त्यांच्या दारात आले असते.

दुसरी गोष्ट नोकरीच्या जाहिरातींची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. हा टक्का जाहीर करणारी जाहिरात वृत्तपत्रात चौकटीत, बारीक अक्षरांत, चित्राच्या रूपात छापली जाते. ज्याच्यासाठी जागा राखीव आहे त्याला ती जागा असल्याचे दुसऱ्याकडून कळते, तेही अनेकदा अर्जाची मुदत संपता संपता. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले, ते योग्यच होते. त्यांच्या मागून येऊ पाहणाऱ्या मुलांना जाहिरात स्वतः वाचता आली, तर पुढची कौतुके छापण्याची वेळ अधिक वेळा येईल.

कायद्याचा धाक घालण्यासाठी हे पत्र नाही, पण कायदा काय म्हणतो हे नोंदवून ठेवतो. याच अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर दिव्यांगांना सुगम स्वरूपात मिळावा यासाठी सरकारने उपाय योजावेत, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारसवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असा निर्णय दिला, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हे दोन्ही निर्णय आमच्या ग्रुपवर मूळ इंग्रजीतून परिच्छेदवार वाचले गेले, कारण न्यायालयाची पीडीएफ स्क्रीन रीडर वाचू शकतो. मराठी वृत्तपत्रांनी त्यांवर काय लिहिले हे मात्र आमच्यापैकी पुष्कळांना आजवर कळलेले नाही.

असाच अनुभव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. दृष्टिहीन महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक भारतीय मुलींनी कोलंबोत नेपाळला हरवून जिंकला. संघाची उपकर्णधार गंगा कदम आपल्या महाराष्ट्राची. आतल्या छऱ्यांमुळे खुळखुळणारा चेंडू कानाने टिपून खेळायच्या या क्रिकेटमध्ये आमच्यातील अनेकांचे हात शाळेच्या मैदानात पोळलेले आहेत, त्यामुळे अंतिम सामन्याचा दिवस आमच्यासाठी काय होता हे मी सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एकच चौकशी चालू होती: कोणत्या वृत्तपत्राने बातमी कोणत्या पानावर घेतली, किती मोठी, छायाचित्र आहे का, त्यात कोण कुठे उभी आहे? उत्तर द्यायला आम्हाला एक डोळस माणूस शोधावा लागला.

माझी मागणी मोठी नाही. ई-पेपरमधील प्रत्येक बातमीवर, जिल्हा आवृत्तीतील पानांसह, टिचकी मारली की तिचा युनिकोड मजकूर उघडावा. काही भारतीय वृत्तपत्रांच्या ई-पेपरमध्ये अशी सोय आहे, म्हणजे ती अशक्य नाही. मुख्य म्हणजे हा मजकूर नव्याने तयार करायचा नाही. तो आपल्या कार्यालयात कोणीतरी टाइप केलेलाच असतो; पान लावताना त्याचे चित्र होते आणि आमच्यासाठी तो तिथे नाहीसा होतो. पान लावण्याआधीची प्रत वाचकापर्यंत पोहोचवण्याची वाट ठेवायची, एवढेच हे काम आहे. शोकवार्ता, जाहीर सूचना आणि नोकरीच्या जाहिराती यांचा मजकूर जाहिरातदाराकडून चित्रासोबत लेखी स्वरूपातही घ्यावा. छायाचित्राखालची ओळ लिहिताना चित्रात काय दिसते ते अर्ध्या वाक्यात लिहावे. ‘कार्यक्रमात उपस्थित मान्यवर’ या ओळीतून डोळस वाचकालाही काही कळत असेल असे मला वाटत नाही.

मजकूर मोकळा केला तर तो सर्रास उचलला जाईल, अशी भीती व्यवस्थापनाला वाटू शकते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र वर्गणीदाराला प्रवेश दिल्यानंतरच हा मजकूर उघडावा, अशी रचना करता येते. फुकट काही मिळावे ही आमची अपेक्षाच नाही. आमच्यापैकी अनेकांच्या घरी आपला अंक वर्षानुवर्षे येतो आहे, त्याचे बिल आम्हीच भरतो आणि वाचतात इतर सारे.

ही सोय झाली तर तिचा लाभ केवळ जन्मांधांना होईल असे नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने नजर अधू झालेले ज्येष्ठ वाचक प्रत्येक घरात आहेत. चाळीस वर्षे एकच वृत्तपत्र वाचणारा माणूस नजर गेल्यावर ते गुपचूप बंद करतो, आणि कार्यालयाला फक्त एक वर्गणीदार कमी झाल्याचे कळते.

चाचणीसाठी आमच्या ग्रुपमधील काही जण तयार आहेत. त्यांच्यापैकी दोघे संगणक प्रशिक्षण देतात आणि संकेतस्थळावर स्क्रीन रीडर कुठे अडतो याची टिपणे करून देण्याचा त्यांना सराव आहे. आपल्या तांत्रिक विभागाने वेळ कळवल्यास ते स्वखर्चाने कार्यालयात येतील. सुरुवात संपूर्ण अंकापासून करणे कठीण असेल, तर जिल्हा आवृत्तीतील शोकवार्ता आणि नोकरीच्या जाहिरातींच्या पानापासून करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक दृष्टिहीन वाचक, सातारा